गाडी कधी लगेच स्टार्ट, कधी नुसतं 'टक्': वर्षभर छळलेल्या प्रॉब्लेमचा छडा

गाडी २००६ ची आहे, पेट्रोल, मॅन्युअल गियर, ९८ हजार किलोमीटर झालेली. कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण इतकी वर्षं उन्हापावसात उभी राहिलेली कुठलीही गाडी असा त्रास देऊ शकते, आणि नाव टाकलं की मग चर्चा त्याच्यावरच होते.

लक्षण असं होतं. सकाळी थंड इंजिनवर कधीच तक्रार नाही, चावी फिरवली की अर्ध्या सेल्फमध्ये (सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) चालू. पण गाडी चांगली तापली, बंद केली आणि पाच ते वीस मिनिटांत परत चावी फिरवली तर कधीकधी बॉनेटखालून एक 'टक्' आणि बास. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, सेल्फ मात्र फिरत नाही. परत चावी, परत टक्. मग सातव्या-आठव्या वेळेला एकदम घुर्र करून चालू, जसं काही झालंच नव्हतं. आणि दर वेळी होत असतं तर बरं झालं असतं हो, आठवड्यातून एकदा व्हायचं, मग पंधरा दिवस काहीच नाही.

पहिल्यांदा झालं ते मे महिन्यात, पुण्याहून साताऱ्याला येताना. खंबाटकी घाट चढून सुरूरच्या पुढे-मागे कुठेतरी चहाला थांबलो, एसी चालू ठेवून घाट चढलेली गाडी, बाहेर चाळीसच्या आसपास, दहा मिनिटं बंद ठेवली आणि मग चावीला टक्. सासूबाई मागच्या सीटवर. टपरीवरच्या दोन पोरांनी धक्का मारला, दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडला, चालू झाली. घरापर्यंत गाडी बंद करायची हिंमत झाली नाही, पेट्रोल कमी होतं तरी पंपावर थांबलो नाही.

मग सुरू झाला खर्च. गॅरेजमध्ये नेली तर तिथे शहाण्या बाळासारखी दहापैकी दहा वेळा स्टार्ट. मेकॅनिक म्हणाला बॅटरी साडेतीन वर्षांची आहे, बदलून टाका. बदलली, जून लागला, पाऊस, गाडी एकदम मस्त. मी खूष. ऑक्टोबरची हीट आली आणि परत टक्. आता म्हणे सेल्फ उघडू. उघडला, कार्बन (मोटरला करंट पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे) नवीन, बुश नवीन, आतला कचरा साफ, अडीच हजार गेले. दिवाळी, थंडी, गाडी परत मस्त. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायला लागलं आणि परत तेच.

इथे माझी ट्यूब पेटली, जरा उशिराच. गाडी दुरुस्तीने बरी होतच नव्हती, ऋतू बदलला की बरी होत होती. आम्ही जो पार्ट शेवटी बदलला त्याला श्रेय देत होतो. मेकॅनिकला दोष देत नाही, त्याच्यासमोर गाडी कधी बंद पडलीच नाही तर तो बिचारा अंदाजानेच सांगणार. अधूनमधून येणारा फॉल्ट असेल तर तो आलेला असतानाच तपासायला लागतो. बरी असताना गाडीवर कितीही मीटर लावा, सगळं नॉर्मलच दिसणार.

तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवली. झालं की लिहायचं: किती वाजता, गाडी किती चालली होती, किती मिनिटं बंद होती, आवाज कसा आला, आतला दिवा मंद झाला का, कितव्या वेळेला चालू झाली. बायकोला हा वेडेपणा वाटला पण महिन्याभरात नऊ नोंदी झाल्या आणि नऊच्या नऊ तापलेल्या इंजिनवर, बंद केल्यापासून पंचवीस मिनिटांच्या आतल्या. अर्धा तास थांबलो त्या दिवशी कधीच नाही. ही वही नसती तर मी अजून पार्टच बदलत बसलो असतो.

आता आवाजाबद्दल, कारण बरेच जण "गाडी स्टार्ट होत नाही" एवढंच सांगतात आणि त्यात पाच वेगवेगळे रोग लपलेले असतात. आतला दिवा चालू ठेवून चावी फिरवा आणि कान द्या.

टकटकटकटक असा मशिनगनसारखा आवाज आला आणि दिवा पण फडफडला तर बहुतेक बॅटरी उतरलीय नाहीतर तिचे टर्मिनल ढिले किंवा पांढऱ्या-हिरव्या बुरशीने भरलेत. होतं काय की सोलेनॉइड (सेल्फवर बसलेला, विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) ओढला जातो, सेल्फला करंट मिळायला लागतो, त्या लोडने व्होल्टेज एकदम पडतं, सोलेनॉइड सुटतो, सुटला की व्होल्टेज परत वर, परत ओढला जातो. म्हणून ती टकटक. घु...र्र, घु...र्र असं दमल्यासारखं फिरलं तरी आधी बॅटरी आणि जाड वायरीच बघा. सेल्फ नुसताच मोकळा 'घ्यांऽऽ' करून फिरला आणि इंजिन हललंच नाही तर सेल्फचं पिनियन (पुढचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मोठ्या दातेरी चाकाच्या) दात्यात बसत नाहीये, तिथे सेल्फ उतरवण्याला पर्याय नाही. चावी फिरवली आणि टक् सुद्धा नाही, पूर्ण शांतता, तर चावीचा स्विच, त्याची वायर, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), फ्यूज, काही गाड्यांत क्लच दाबल्यावर लागणारा स्विच, ऑटोमॅटिकमध्ये गियर न्यूट्रलला आहे हे सांगणारा स्विच, ही सगळी मंडळी.

आणि सेल्फ टणटणीत फिरतोय पण इंजिन पकडत नाहीये, तर तुमचा विषय वेगळा आहे, ही पोस्ट पुढे वाचली तरी थोडाच उपयोग. तिथे चावी ऑन करून, स्टार्ट न देता, मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पेट्रोलच्या पंपाची घूंऽ ऐकू येते का बघा. येत नसेल तर पंप, त्याचा रिले, फ्यूज. येत असेल तर चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग स्टार्ट द्या, असं केल्यावर लगेच पकडली तर बंद असताना लाईनमधलं प्रेशर उतरतंय. आणि आरपीएमचा काटा असेल तर सेल्फ मारताना त्याच्याकडे लक्ष ठेवा, बऱ्याच गाड्यांत तो थोडासा उचलतो, अजिबात हलला नाही तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर) संशय घ्यायचा. हा सेन्सर खराब होत आला असेल तर तापला की मरतो आणि गार झाला की जिवंत होतो, अगदी माझ्या प्रॉब्लेमसारखाच वागतो, फक्त तिथे सेल्फ फिरत असतो. माझ्या एका मित्राने रस्त्याच्या कडेला ओलं फडकं सेन्सरवर दहा मिनिटं धरलं आणि गाडी चालू झाली, दुसऱ्याच दिवशी सेन्सर बदलला, विषय संपला.

माझा प्रकार होता एकच टक्, दिवा न हलता. ह्याचे परत दोन पोटप्रकार असतात आणि तेच मला माहीत नव्हते. टक् दणकट असेल, म्हणजे लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा, तर सोलेनॉइड पूर्ण ओढला गेलाय पण त्याच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा कार्बन संपलेत, तिथे सेल्फच्या अंगावर पान्ह्याने हलकं ठोकलं की बरेचदा चालू होतो (कायमचा इलाज नाही, घरी पोचण्यापुरता). टक् मुळमुळीत असेल तर सोलेनॉइडला ओढायची ताकदच मिळत नाहीये. बायकोला चावी फिरवायला लावून मी बॉनेटखाली कान लावला तेव्हा कळलं की आपला टक् मुळमुळीत आहे, नुसता थरथरल्यासारखा. सेल्फ उघडून अडीच हजार घालवायच्या आधी हे ऐकलं असतं तर!

आता मोजमाप. तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर पुरतो, डीसी २० व्होल्टच्या खुणेवर ठेवा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर, बाह्या आणि ओढणी वगैरे बेल्ट-फॅनपासून लांब. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ च्या आसपास पाहिजे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या मध्ये दिसलं की डायनॅमो चार्ज करतोय. माझी बॅटरी ह्या सगळ्यात पास, नवीच होती ना.

ह्याच्या पुढची टेस्ट मात्र आमच्याकडे फार कमी लोक करतात आणि तीच सगळ्यात कामाची आहे. वायर डोळ्यांना चांगली दिसते, मीटरवर बीप पण देते, पण मोठा करंट जायला लागला की आत व्होल्टेज खाते. म्हणून करंट चालू असतानाच मोजायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटावर (क्लँपवर नाही, खुंटावरच), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, पंपाचा फ्यूज काढून ठेवायचा म्हणजे इंजिन पकडणार नाही, आणि कुणालातरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगायचं. मीटरवर ०.२ ते ०.३ च्या आत आलं पाहिजे. तसंच बॅटरीच्या प्लसच्या खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, तिथे ०.५ च्या आत. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर गार होऊ द्या, नाहीतर चांगला सेल्फ पण जाळून बसाल.

माझं प्लसकडचं ०.३, ठीक. निगेटिव्हकडचं ०.९! गिअरबॉक्सवरून बॉडीला येणारी अर्थची पट्टी (करंट निगेटिव्हला परत नेणारी) बघितली तर तिच्या बोल्टवर ऑइल आणि धुळीचा जाड थर, थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट पूड. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढलं (काढताना निगेटिव्ह पहिलं, लावताना निगेटिव्ह शेवटी, हे पाठ करून ठेवा), पट्टी नवी आणली, दोन्हीकडची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, वरून थोडं व्हॅसलिन. परत मोजलं, ०.१५. सेल्फ जाणवण्याइतका जोरात फिरायला लागला. मी घरात जाहीर करून टाकलं की रोग सापडला.

तीन आठवडे खरंच काही झालं नाही. मग एप्रिलमध्ये मेहुणे आलेले, त्यांना घेऊन पसरणी घाटाने पाचगणी. वर पोचलो, स्ट्रॉबेरी घ्यायला थांबलो, परत आलो, चावी फिरवली. टक्.

मेहुणे म्हणाले "पट्टी बदलली होती ना?" मी काही बोललो नाही.

अर्थ खराब होता हे खरंच होतं, पण तो माझा फॉल्ट नव्हता, शेजारी बसलेला दुसरा फॉल्ट होता. जुन्या गाडीत हा मोठा घोळ असतो, काहीतरी खराब सापडतं आणि आपण शोधणं थांबवतो.

मग मी तो उपाय केला जो आधीच करायला पाहिजे होता. सेल्फच्या सोलेनॉइडवर दोन जाड बोल्ट असतात आणि एक बारीक वायर असते, चावी स्टार्टला नेली की ह्या बारीक वायरीत बॅटरीचं व्होल्टेज येतं आणि सोलेनॉइड ओढला जातो. त्या बारीक वायरच्या थिंबलला एक पातळ वायर जोडली, मध्ये एक अँपिअरचा फ्यूज, आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी बुचातून आत घेतली. बॅटरीच्या प्लसवरून पण तशीच एक, फ्यूजसकट. अर्थ सीटच्या बोल्टवरून. दोन मीटर हँडब्रेकशेजारी रबरबँडने बांधून ठेवले आणि आठ दिवस तसाच फिरलो, सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून बघायचा.

गाडी बरी असताना सेल्फ मारताना बॅटरी १०.६, बारीक वायर ९.३. ठीकठाक, पण १.३ चा फरक मनात नोंदवला. पाचव्या दिवशी दुपारी मंडईतून बाहेर आलो, चावी, टक्. चावी तशीच धरून मीटर बघितले. बॅटरी १२.२. बारीक वायर ६.९.

काय बरं वाटलं म्हणून सांगू! गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता. पाच व्होल्टच्या वर वाटेतच गायब होत होते, आणि बॅटरी १२.२ म्हणजे सेल्फची मोटर करंट घेतच नव्हती, सोलेनॉइड ओढलाच जात नव्हता.

आता तापल्यावरच का, हे पण जुळलं. सोलेनॉइडमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो. तीस डिग्रीचं नव्वद झालं की जवळजवळ चोवीस टक्के जास्त रेझिस्टन्स, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला करंट कमी, ओढायची ताकद कमी. आणि गाडी बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो, त्यामुळे एक्झॉस्टशेजारचा सेल्फ पहिली काही मिनिटं आणखी तापत जातो. थंडीत अशक्त व्होल्टेजवर पण कसंबसं भागत होतं, मे महिन्यात भागत नव्हतं. अर्थ साफ केल्याने थोडी ढील मिळाली, तीन आठवड्यांपुरती.

पाच व्होल्ट कुठे गेले ते शोधायला स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं, चार स्क्रू. चावीच्या कुलपाच्या मागे स्विचचा प्लास्टिकचा भाग असतो, त्याच्या कनेक्टरमध्ये मीटरची पिन मागून घातली. फॉल्ट आलेला असतानाच मोजता यावं म्हणून परत गाडी तापवून आणली, दोनदा फुकट गेलो, तिसऱ्या खेपेला टक् मिळाला. स्विचला येणारं ११.८, स्विचमधून स्टार्टसाठी बाहेर जाणारं ७.६. स्विच एकटा ४.२ व्होल्ट खात होता! कनेक्टर ओढून काढला तर त्या एका पिनभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं आणि वास जळका.

स्विचचा तेवढा भाग वेगळा मिळतो, सहाशे रुपयांत आला, चावी आणि कुलूप तेच राहिलं. कनेक्टरची भाजलेली पिन पण नवीन घातली, ती तशीच ठेवली असती तर नवा स्विच पण वर्षभरात भाजला असता. शिवाय एक रिले टाकला. खरं तर नुसत्या स्विचनेही भागलं असतं, पण सोलेनॉइड ओढला जाताना वीस-तीस अँपिअर सहज घेतो आणि तो सगळा भार त्या चिमुकल्या स्विचवर कशाला टाकायचा. चार पिनचा १२ व्होल्टचा साधा रिले (पिनांचे नंबर त्याच्यावरच लिहिलेले असतात): चावीकडून येणारी जुनी वायर ८६ ला, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर आणि बॅटरीजवळच ३० अँपिअरचा फ्यूज, आणि ८७ वरून सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला. रिले एक्झॉस्टपासून लांब आणि पाणी लागणार नाही असा उलटा, पिना खाली करून बसवा. वायरिंगची सवय नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्या, फ्यूज नसलेली प्लसची वायर कुठे घासली तर आग लागते, गंमत नाही.

त्यानंतर तापलेल्या गाडीवर सेल्फ मारताना बॅटरी १०.५ आणि बारीक टर्मिनल १०.३. पूर्ण मे महिना गेला, खंबाटकी तीनदा चढलो, मुद्दाम चहाला थांबलो, दहा मिनिटांनी चावी, एकदाही टक् नाही. वहीत आपसूक आलेल्या टक्ची शेवटची नोंद त्या मंडईच्या दुपारची आहे. मीटर काढले पण आतल्या दोन वायरी टोकाला टेप गुंडाळून सीटखाली तशाच ठेवल्यात.

जुना स्विच उघडून बघितला. तांब्याच्या दोन बारीक पट्ट्या, एकीवर मोहरीच्या दाण्याएवढा काळा खड्डा, भोवती वाळून गोंद झालेलं ग्रीस. वायरमनला नेऊन दाखवला तर त्याने उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी म्हणणार होतो."